वालधुनीच्या काठाने अंबरनाथ

अंबरनाथला फ्लॅट घेऊन पाच-सहा वर्षं झालेल्या माणसाला गावाबद्दल विचारलं, की तो स्टेशनपासून सुरुवात करतो. शेअर रिक्षाची रांग, सकाळची लोकल, पाणी किती वाजता येतं, मुलांची शाळा, जवळचा बाजार. शिवमंदिर? हो, एकदा जाऊन आलो, गावाहून आई-बाबा आले होते तेव्हा. मुंबईला जाण्यात सव्वा-दीड तास आणि येण्यात तेवढाच वेळ रोज घालवणाऱ्याला याहून जास्त ओळख करून घ्यायला सवड मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. मीही पहिली काही वर्षं तसाच राहिलो. या गावाशी माझी ओळख झाली ती इथल्या नदीमुळे. म्हणून इथे नव्याने राहायला आलेल्यांना आणि ठाण्या-मुंबईहून एका दिवसासाठी येणाऱ्यांना मी एकच वाट सांगतो, वालधुनीच्या काठाने चला.

वालधुनी ही छोटी नदी आहे. अंबरनाथच्या मागच्या डोंगरात, काकोळे गावाच्या बाजूला ती उगम पावते, शिवमंदिराला बिलगून शहरात येते, उल्हासनगरातून पुढे जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. शहरात तिला नाला म्हणणारेच जास्त भेटतील. पण अंबरनाथच्या गोष्टीतले बरेचसे टप्पे याच पाण्याजवळ आहेत. शिलाहारांनी देऊळ बांधलं ते तिच्या काठावर. रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांध घातला तो तिच्या वरच्या अंगाला. पुढे रूळ, पाणी आणि मोकळी जमीन एका जागी मिळाली म्हणून कारखाने आले, कारखान्यांपाठोपाठ चाळी आल्या आणि चाळींपाठोपाठ आपण आलो. हा क्रम मनात ठेवून फिरलं, की विखुरलेल्या जागा एकमेकींना जोडल्या जातात.

आधी येण्याबद्दल. अंबरनाथ मध्य रेल्वेवर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून साधारण ६० किलोमीटरवर, उल्हासनगर आणि बदलापूर यांच्यामध्ये आहे. अंबरनाथ, बदलापूर, कर्जत आणि खोपोली या चारही लोकल इथे थांबतात. मुंबईकरांसाठी चांगली गोष्ट अशी, की सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे धावत असते तेव्हा तुम्ही उलट दिशेने येता. सकाळी खिडकी मिळते आणि संध्याकाळी परततानाही डबा बराच रिकामा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. ऑक्टोबरात आणि एप्रिल-मेमध्ये इथला उकाडा दमवतो. यायचं असेल तर सकाळी आठच्या आत पोचा आणि पूर्वेला उतरा.

स्टेशनपासून शिवमंदिर दीड-दोन किलोमीटरवर आहे. रिक्षा लगेच मिळते. चालत गेलात तर वाटेत गाव दिसतं, म्हणून जाताना चाला आणि येताना रिक्षा करा. परिसराच्या विकासाची कामं गेल्या काही वर्षांपासून सुरू आहेत. एखादी वाट बंद दिसली तर फुलवाल्यांना विचारा, ते दुसरी दाखवतात.

आता मंदिराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक इथे दहा मिनिटांत दर्शन घेऊन निघून जातात आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत सुंदर दगडी भिंतींपैकी एक न पाहता परततात. हे देऊळ उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. त्यांची राजधानी स्थानक, म्हणजे आजचं ठाणं. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. मंदिराचं काम छित्तराजाच्या काळात सुरू झालं आणि मुम्मुणीच्या, म्हणजे मामवाणिराजाच्या काळात पुरं झालं असं मानतात. याला आधार आहे तो मंदिरातल्याच शिलालेखाचा. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूने तो कोरलेला आहे. त्यातलं शक वर्ष सुरुवातीच्या अभ्यासकांनी ७८२ असं वाचलं होतं. पुढे अक्षरं पुन्हा तपासल्यावर ते ९८२ ठरलं, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याच्या वाचनाने मंदिराचं वय दोनशे वर्षांनी बदललं. झिजलेला दगड वाचणं किती जिकिरीचं असतं याची कल्पना यावरून येईल.

इथे आलात की एकदम आत जाऊ नका. आधी बाहेर, थोडं लांब उभे राहा. मंदिराची भिंत सरळ नाही, ती कोनाकोनाने मुडपत आत-बाहेर जाते. प्रत्येक कोनावर ऊन पडतं, प्रत्येक खाचेत सावली बसते आणि सगळी इमारत उभ्या रेघांनी वर चढत गेल्यासारखी दिसते. या बांधणीला भूमिज म्हणतात. शिखराच्या चार बाजूंना जाळीदार उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या, अशी तिची खूण. अंबरनाथचं शिखर आज अपुरं आहे, वरचा भाग नाही. त्यामुळे मूळ आकार डोळ्यांसमोर येत नाही. त्यावर एक उपाय आहे. निघण्याआधी सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचं छायाचित्र पाहून घ्या. तेही भूमिज, अंबरनाथहून नंतरचं, पण त्याचं शिखर शाबूत आहे. ते डोक्यात असलं, की इथल्या तुटलेल्या रेषा कुठे जाऊन मिळाल्या असत्या ते आपोआप कळतं.

मग भिंतीजवळ जा आणि नजर खालून वर न्या. तळाशी घडीव थर, त्यात हत्तींची रांग, माणसांची रांग. त्यावर मोठ्या मूर्ती. ब्रह्मदेव, शिवाची वेगवेगळी रूपं, देवी, आणि मधूनमधून सुरसुंदरी. कुणी आरशात पाहते, कुणी नाचाच्या पवित्र्यात उभी आहे. दगड काळा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच. हजार पावसाळे खाऊन बरेच चेहरे पुसट झाले आहेत. तरी कमरेचा बाक, पायातला तोडा आणि वस्त्राची चुणी अजून ओळखता येते. सोबत छोटी दुर्बीण असेल तर वरचे पट्टे पाहायला फार उपयोगी पडते.

उजेडाचं गणित सांगतो, कारण फोटो काढणाऱ्यांची इथे नेहमी फसगत होते. मंदिर पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी मागची, म्हणजे पूर्वेची बाजू उजळते आणि समोरची अंधारात राहते. दुपारनंतर उलट होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिण भिंतीला दिवसभर तिरपं ऊन मिळतं आणि नक्षी उठून दिसते. उत्तर भिंतीवर त्या दिवसांत थेट ऊन येतच नाही. तिथल्या मूर्ती सावलीच्या मऊ उजेडात पाहाव्या लागतात, आणि मला स्वतःला त्या तशाच जास्त आवडतात. सकाळी साडेआठ ते दहा आणि दुपारी चारनंतर, अशा दोन खेपा जमल्या तर चारही बाजू नीट दिसतात.

शंकराची प्रदक्षिणा आपल्याकडे सोमसूत्री असते. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. मूर्ती पाहणाऱ्याला ही रीत फायद्याची आहे. प्रत्येक भिंत दोनदा दिसते, एकदा जाताना आणि एकदा उलट बाजूने येताना. जाताना जी मूर्ती नुसती खाच वाटली होती, ती परतताना चेहऱ्यासकट समोर येते.

आत मंडपात चार खांब आहेत. वरपासून खालपर्यंत इतके कोरलेले, की हात लावायचा मोह होतो. लावू नका, घामाने दगड झिजतो. मान वर करून छत पाहा. तिथून पुढे पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं. जमिनीच्या पोटात उतरत आहोत असं वाटत असतानाच डोक्यावर एकदम उघडं आकाश दिसतं. शिखराचा वरचा भाग नसल्यामुळे तिथून उजेड थेट पिंडीवर येतो. अंबर म्हणजे आकाश, म्हणून हा अंबरनाथ, असा अर्थ इथले लोक लावतात. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, उजाडलं म्हणून काम तसंच टाकून गेले, शिखर राहून गेलं, ही गोष्टही इथे कुणाकडूनही ऐकायला मिळेल. मुलं बरोबर असतील तर शिलालेखाआधी त्यांना ही गोष्ट सांगा. शिखर का नाही हा प्रश्न त्यातून त्यांना स्वतःहून पडतो.

हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे आणि त्याच वेळी रोज पूजा होणारं देऊळ आहे. दोन्हींचा मान राखावा लागतो. चपला बाहेर, गाभाऱ्यात कॅमेरा बंद, आणि पूजेला बसलेल्या माणसाच्या पुढून जायचं नाही. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. दर्शनाची रांग लांबवर जाते, रस्ते वाहनांना बंद होतात, बेल-फुलांची, कवठांची, खेळण्यांची दुकानं लागतात. तो अंबरनाथचा सर्वांत मोठा दिवस आहे आणि इथे राहणाऱ्याने एकदा तरी त्या रांगेत उभं राहावं. पण शिल्पं पाहायची असतील तर तो दिवस आणि श्रावणी सोमवार टाळा. १८६८ साली सरकारने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेकडून या मंदिराची मापं, रेखाटनं आणि नक्षीचे साचे करून घेतले होते. तेव्हा ती माणसं इथे दिवसच्या दिवस बसली असणार. आपण निदान दोन तास द्यावेत.

मंदिरातून बाहेर पडलात की लगेच शेजारच्या पाण्याकडे या. वास येईल. तोंड फिरवू नका, कारण हीच ती नदी. औद्योगिक वसाहतींचं सांडपाणी, वस्त्यांचं मैलापाणी आणि रात्री चोरून सोडलेली रसायनं तिच्यात येत राहिली. २०१४ साली पुढे उल्हासनगरात तिच्या पात्रात बेकायदा ओतलेल्या रसायनामुळे शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात जावं लागलं होतं. हजार वर्षांपूर्वी ज्या पाण्याच्या भरवशावर देऊळ उभं राहिलं त्या पाण्याची ही गत पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. तरीही मी प्रत्येक पाहुण्याला इथे थांबवतो. भिंतीवरची सुरसुंदरी पाहायची आणि चार पावलांवरचं पात्र पाहायचं नाही, अशाने गाव अर्धंच पाहिलं जातं.

इथून उलट, वरच्या अंगाला चला. काकोळ्याकडे रिक्षा ठरवून जाता येतं, दुचाकी असेल तर उत्तम. जाताना शहर विरळ होत जातं, भाताची खाचरं लागतात आणि डोंगराच्या कुशीत एकदम पाण्याचा मोठा पसारा दिसतो. गावकरी याला नुसतं जीआयपी म्हणतात, कुणी जीआयपी टँक, कुणी काकोळ्याचा तलाव. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं हे पाणी. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावली, १८५४ला रूळ कल्याणपर्यंत आले आणि १८५६ला अंबरनाथवरून पुढे खोपोलीपर्यंत गेले. वाफेच्या इंजिनाला कोळशाप्रमाणेच पाणीही लागतं, आणि पुढे बोरघाट चढायचा असेल तर जास्तच. त्या गरजेतून रेल्वेने डोंगरातलं पाणी इथे अडवलं. वाफेची इंजिनं गेली, पाणी रेल्वेकडेच राहिलं. काकोळ्याच्या याच परिसरात आज रेल नीरचा प्रकल्प आहे. लांबच्या गाडीत घेतलेल्या बाटलीवर बारीक अक्षरांत अंबरनाथ लिहिलेलं दिसतं ते यामुळे.

हिवाळ्यात सकाळी इथे पाणी स्थिर असतं, डोंगराची सावली त्यात पडते, बगळे आणि पाणकावळे दिसतात. शांतता अशी, की शहर तीन-चार किलोमीटरवर आहे यावर विश्वास बसत नाही. जागा रेल्वेची आहे, म्हणून रखवालदाराने अडवलं तर वाद न घालता लांबून पाहा. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो, पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला, की पोरांच्या झुंडी सांडव्याखाली भिजायला येतात. खडक शेवाळलेला असतो, पाण्याचा जोर अंदाजापेक्षा मोठा असतो. या पट्ट्यातल्या धरणांवर आणि धबधब्यांवर, बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला तर विशेष, पोहायला गेलेली मुलं घरी परतली नाहीत असं दर दोन-चार पावसाळ्यांत ऐकू येतं. पावसात जिल्हा प्रशासन अशा जागांवर बंदीचे आदेशही काढतं. निघण्याआधी चौकशी करा आणि बंदी असेल तर त्या दिवशी घरी बसा.

परत येताना गावठाणांतून या. अंबरनाथ हे एक शहर होण्याआधी अनेक गावं होती. कानसई, वडवली, मोरीवली, जावसई, कोहोजगाव, खुंटवली, चिखलोली. बरीचशी आगरी वस्तीची, भातशेतीवर जगणारी. आज इमारतींच्या मध्येच एखादी वाट अचानक अरुंद होते, कौलारू घर दिसतं, ओटा दिसतो, गावदेवीचं देऊळ दिसतं. ते गावठाण समजायचं. गावदेवीच्या जत्रेच्या किंवा हरिनाम सप्ताहाच्या दिवसांत इथे गेलात, तर ज्या गावात तुम्ही फ्लॅट घेतला त्या गावाचे मूळ लोक कोण ते भेटतील. नव्या माणसाने आपल्या इमारतीच्या जागी आधी काय होतं ते एकदा विचारावं. ओट्यावर बसलेल्या आजोबांना “बाबा, आमची बिल्डिंग आहे तिथं आधी काय होतं हो?” एवढं विचारलं, की भाताच्या जाती, विहिरी, चिंचेचं झाड, सगळं निघतं. असा पत्ता कुठल्याच नकाशात नसतो.

नावांकडे लक्ष ठेवा. पूर्वेला कानसई सेक्शन, वडवली सेक्शन, खेर सेक्शन असे सेक्शन आहेत. बी केबिन रोड आहे. रेल्वेचे सिग्नल आणि सांधे जिथून हलवत त्या केबिनीवरून पडलेलं हे नाव. केबिनीतल्या तरफा काय काम करायच्या ते मुलांना त्या रस्त्यावरून चालताना सांगता येतं. पश्चिमेला उलन चाळ आहे, नावातच लोकरीच्या गिरणीची आठवण. आणि विमको नाका. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, १९२३ साली स्वीडिश भांडवलावर सुरू झाली आणि त्याच दशकात तिचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. जहाजाचं चित्र असलेली काड्यापेटी आपल्या आजी-आजोबांच्या घरात देवघराजवळ असायची, ती या कंपनीची. कारखाना बंद झाला, तरी रिक्षावाला आजही “विमको, विमको” असं ओरडतो आणि चौथ्या सीटवर बसणाऱ्या कॉलेजच्या मुलाला तो शब्द कुठून आला ते माहीत नसतं. त्याला सांगावं, म्हणून हे लिहितो आहे.

पश्चिमेलाच आयुध निर्माणीची वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात इथे संरक्षण खात्याचे कारखाने आले आणि देशभरातून कामगार आले. अंबरनाथमध्ये मराठीबरोबर मल्याळी, तमिळ, बंगाली, पंजाबी घरं जुन्या काळापासून दिसतात, त्यामागे या निर्माणीचा वाटा मोठा आहे. या भागातले जुने वृक्ष आणि मोकळे रस्ते पाहण्यासारखे आहेत, पण रस्त्यावरूनच पाहा. निर्माणीच्या फाटकाजवळ फोटो काढू नका. सुरक्षारक्षकाने हटकलं तर ते त्याचं कामच आहे. याच बाजूला चिखलोलीचं छोटं धरण आहे, ज्यातून शहराला पिण्याचं पाणी मिळतं. तिथेही पाण्यात उतरायचं नाही आणि कचरा करायचा नाही, एवढं सांगून पुढे जातो.

जेवणासाठी दोन पर्याय आहेत. अंबरनाथ स्टेशनच्या दोन्ही बाजूंना वडापाव, मिसळ, उडप्याची हॉटेलं, थाळी हे सगळं आहे आणि ते इतर कुठल्याही स्टेशनासारखंच आहे. पण रविवारी सकाळी येणार असाल तर नाश्ता उल्हासनगरात करा. एक स्टेशन अलीकडे उतरलात की झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहिले आणि १९४९ला त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. लोक अजून पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. चार आणि पाच नंबरचे कॅम्प अंबरनाथला लागूनच आहेत. तिथे सकाळी दाल पकवान मिळतं. कुरकुरीत पकवान, त्यावर हरभऱ्याची घट्ट डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. उपाशीपोटी खा, दुपारपर्यंत भूक लागत नाही. घरं सोडून आलेल्या माणसांनी वालधुनीच्या काठावर दुसरं गाव वसवलं, हे तो घास घेताना लक्षात असू द्या.

राहणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. अंबरनाथची स्वतःची नगरपरिषद आहे. १९८३ साली कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घातले गेले. पुढे १९९२मध्ये ते वेगळे झाले. म्हणून तुमच्या रस्त्याची, दिव्याची, कचऱ्याची तक्रार इथल्या नगरपरिषदेकडे जाते. पाण्याचं खातं मात्र वेगळं, ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. नवे रहिवासी पाण्याची तक्रार घेऊन नगरपरिषदेच्या पायऱ्या चढतात आणि अर्धा दिवस वाया घालवतात. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही पाहताच आहात.

डोंगरांची ओळख करून घ्यायला कुठे जावं लागत नाही. पावसानंतरच्या स्वच्छ दिवशी पूर्वेकडच्या कुठल्याही उंच गच्चीवर चढा. मलंगगडाचा सुळका आणि त्याच्या शेजारचे कडे ओळखायला शिका, मग टावलीची रांग, आणि बदलापूरच्या पलीकडे चंदेरीचा टोकदार माथा. त्याही मागे माथेरानचं पठार दिसतं. चंदेरी चढायला अवघड आहे, सरावाशिवाय आणि माहितगाराशिवाय जाऊ नका. कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की ती खिडकीतून दिसते, तेवढ्याने सुरुवात करा. मुसळधार पावसात मात्र बदलापूरच्या पुढे सहलीला जाऊच नका. २०१९च्या जुलैमध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं होतं.

आणि जूनमध्ये, पहिले दोन-तीन पाऊस झाले की, रोजच्या घाईतली दहा मिनिटं स्टेशनबाहेरच्या बाजारात द्या. डोंगरातल्या पाड्यांवरून ठाकूर आणि कातकरी बायका टोपल्या घेऊन येतात. पदपथावर पान पसरून बसतात, वजनकाटा नसतो, वाट्यांनी आणि जुड्यांनी विकतात. आधी शेवळं येतात, जांभळट, कोंबासारखी. ती विकत घेताना त्याच बाईकडून काकडंही घ्या. ही आंबट हिरवी फळं भाजीत घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. साफ कशी करायची, आतला कुठला भाग टाकून द्यायचा, ते तिलाच विचारा, ती हातात धरून दाखवते. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि थोड्या दिवसांनी कंटोळी. जांभळंही याच सुमाराला संपत आलेली असतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा पानाच्या द्रोणातली जांभळं दिसली तर ती कुठली ते विचारून घ्या. टोपली कुठल्या पाड्यावरून आली तेही विचारा. काकोळ्याच्या बाजूची निघाली, तर ती भाजी ज्या उतारावर उगवली त्याच उतारावरचं पाणी खाली वालधुनीत येत असतं.

भाव करू नका. ती बाई पहाटे चालायला लागलेली असते, आणि अकराच्या सुमाराला टोपली रिकामी करून परत डोंगराकडे निघते.